ड्रॉइंग तिचं, टेंडर त्याचं

आपल्या बैठकीत कोणी ‘मॅनेजमेंट’ हा शब्द उच्चारला की चेहरे बदलतात, हे मी बरीच वर्षं पाहते आहे. मॅनेजमेंट म्हणजे मालकाची बाजू, कामगार कपात, टाय लावलेले लोक. आणि ‘स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग’ म्हटलं की आदरयुक्त कंटाळा. हुशार मुली करतात ते काहीतरी अवघड, आपल्याला त्याचं काय? बांधकाम हा विषय आपल्याकडे येतो तो डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईच्या रूपात. पोस्टरवर ती असते, गाण्यात ती असते, मोर्चातही ती असते, आणि ती असायलाच हवी. पण ज्या मजल्यावर ती पाटी नेते तो मजला किती दिवसांत उभा राहणार, त्याला किती पैसा लागणार आणि तेवढा वेळ तिचं मूल कुठे असणार, हे सगळं एका टेबलावर ठरतं. त्या टेबलाकडे आपण पाठ करून बसलो आहोत.

मी स्ट्रक्चर्स घेऊन एम.ई. केलं. सहा वर्षं नोकरी केल्यावर बांधकाम-व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला. पहिल्या शिक्षणात भार, सळई, काँक्रीट, भूकंप. दुसऱ्यात पैसा, वेळ, करार आणि माणसं. हे दोन्ही एका डोक्यात असणं हा स्त्री-चळवळीचा प्रश्न आहे, असं माझं म्हणणं आहे. तो एखाद्या हुशार मुलीच्या ‘करिअर’चा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये.

हे विषय जोडून शिकवण्यात नवल काही नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजनं काँक्रीटच्या रचना आणि बिझनेस मॅनेजमेंट असा जोड एम.एससी. अभ्यासक्रम चालवला. आपल्याकडे मात्र पुणे विद्यापीठाचं स्ट्रक्चर्सचं एम.ई. वेगळं, ‘कन्स्ट्रक्शन अँड मॅनेजमेंट’चं वेगळं. बालेवाडीची ‘निकमार’ ही तर १९८३ साली बांधकाम व्यवसायातल्या मंडळींनीच पुढाकार घेऊन काढलेली, व्यवस्थापनासाठीची स्वतंत्र संस्था. ज्याला दोन्ही हवं त्यानं आधी एक करायचं, मग दुसरं. दोनदा प्रवेश, दोनदा फी, चार वर्षं. मुलाला हे जमतं, घरचे म्हणतात शिकू दे त्याला. मुलीनं ‘दुसरं’ कधी करायचं? लग्न ठरवताना, बाळंतपणात, की सासू आजारी असताना? दोन तुकड्यांत वाटलेलं शिक्षण बाईच्या वाट्याला एकच तुकडा येऊ देतं. तो कोणता, हेही ठरलेलं असतं. त्याकडे येतेच.

आधी या दोन विषयांची गाठ कुठे पडते ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं वायफळ वाटेल.

स्लॅब भरला की तो खालच्या टेकूंवर उभा असतो. काँक्रीटमध्ये ताकद हळूहळू येते. टेकू कधी काढायचे याचे नियम आपल्या भारतीय मानक आय.एस. ४५६ मध्ये दिलेले आहेत. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबचे टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून जास्त असेल तर १४. बीमचं अंतर ६ मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटचे. आता बऱ्याच ठिकाणी राख मिसळलेलं सिमेंट वापरतात. ते सावकाश घट्ट होतं, म्हणजे थोडं जास्तच थांबायला हवं. इथपर्यंत स्ट्रक्चर्सचा वर्ग.

आता दुसरा वर्ग. त्या टेकूंचं आणि प्लेटांचं भाडं रोज चढतं. बिल्डरच्या कर्जाचं व्याज रोज चढतं. फ्लॅट घेणाऱ्यांचे हप्ते स्लॅबला बांधलेले असतात. ‘रेरा’च्या महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात प्लिंथ झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. मग स्लॅब लवकर पडावा, टेकू लवकर निघून वरच्या मजल्याला लागावेत, ही घाई कोणाला असते ते सांगायला नको. प्रत्येक मजल्यावर चार दिवस वाचले तर वीस मजल्यांवर ऐंशी दिवस! हे गणित व्यवस्थापनवाल्याला तोंडपाठ असतं. काँक्रीटचं गणित स्ट्रक्चर्सवाल्याला तोंडपाठ असतं. पण तो, किंवा ती, शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसात बसलेली असते. साइटवर तिचा आवाज म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरातली एक सूचना. दोन्ही गणितं एकाच माणसाला येत असतील आणि तो माणूस साइटवर उभा असेल, तर त्या घाईला निदान तिथल्या तिथे विचारणारं कोणीतरी असतं.

या घाईखाली आणि काटकसरीखाली कोण असतं? एप्रिल २०१३ मध्ये ठाण्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. वर मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर मजूर बायका-मुलांसह राहत होते. जुलै २०१६ मध्ये पुण्यात बालेवाडीला उंच इमारतीचा स्लॅब कोसळून ९ मजूर मेले. जून २०१९ मध्ये कोंढव्यात भर पावसात एका सोसायटीची भिंत लगतच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. १५ जणं मेली, त्यांत लहान मुलं होती. बातम्यांत ‘भिंत कोसळली’ असं येतं, जणू भिंतीनंच ठरवलं. मातीला धरून ठेवणाऱ्या भिंतीमागे पावसाचं पाणी साठलं की तिच्यावरचा दाब किती वाढतो, हे सिव्हिलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला येतं. आणि मजुरांच्या झोपड्या कुठे टाकायच्या हे प्लॉटच्या आराखड्यावर कोणीतरी बोट ठेवून ठरवतं. साइटवर जी जागा विकायला, सामान ठेवायला, गाड्या वळवायला उपयोगाची नाही, ती मजुरांना मिळते. मी पाहिलेल्या साइटींवर ती बहुतेक वेळा भिंतीच्या कडेचीच असते. दाब काढणारा एक, बोट ठेवणारा दुसरा, आणि दोघांची भेटच नाही.

आता मुलींकडे येते. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. आयआयटींनी २०१८ पासून पदवीला मुलींसाठी जादा जागा काढल्या. २०२४ साली राज्य सरकारनं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर मात्र ही माफी नाही. हे सगळं चांगलंच आहे आणि त्यासाठी आपल्यातल्या कितीतरी जणी भांडल्या आहेत. पण दारातून आत घेतलं म्हणजे घरात जागा दिली असं होत नाही, हे सुनेला सांगायला नको.

आमच्या स्ट्रक्चर्सच्या वर्गात जवळजवळ निम्म्या मुली होत्या. व्यवस्थापनाच्या वर्गात आम्ही सगळ्या मिळून एका बाकावर मावलो असतो. मधे काय होतं ते सांगते. मुलगी पास होते आणि कन्सल्टंटच्या ऑफिसात लागते. तिथे तिला कॉम्प्युटरसमोर बसवतात, इटॅब्स आणि स्टॅडवर बिल्डिंगी उभ्या करायला. मुलगा तिच्याच वर्गातला, तिच्याहून कमी मार्कांचा, पण तो साइटवर जातो. तीन वर्षांनी त्याच्याकडे ‘साइटचा अनुभव’ असतो आणि तिच्याकडे चष्म्याचा वाढलेला नंबर. व्यवस्थापनाच्या प्रवेशाला अनुभव विचारतात, कंपनीनं पाठवलं असेल तर पारडं जड होतं, आणि कंपनी त्यालाच पाठवते. कोणी कुठे ‘मुलींना मनाई’ अशी पाटी लावलेली नाही. लावायची गरजच नाही.

मी साइट मागितली तेव्हा आमचे साहेब अगदी वडिलकीनं म्हणाले, “मॅडम, तिथे शिव्याशिवाय काम होत नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर तुमच्या घरच्यांना मी काय सांगू? इथे तुम्ही सुरक्षित आहात.” त्याच साइटवर तीसेक बाया खडी-वाळू वाहत होत्या. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं याची काळजी कोणाला नव्हती. सुरक्षितता हा शब्द जातीनं, वर्गानं कसा वाटून दिलेला असतो ते मला त्या दिवशी एका वाक्यात कळलं.

दोन वर्षं मागत राहिल्यावर साइट मिळाली. बायांसाठी संडास नव्हता. पुरुषांचा होता तो पत्र्याचा, त्याला कडी नव्हती. मराठवाड्यातून आलेली एक मावशी मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, सकाळच्याला पाणीच पिऊ नका. मग जायाचं कामच पडत न्हाई.” ती चाळीस अंशाच्या उन्हात पाटी वाहत होती. तिला मुतखड्याचा त्रास होता. हा संडास बांधायला किती खर्च आला असता, मैत्रिणींनो? त्या इमारतीच्या लॉबीतल्या एका संगमरवरी भिंतीच्या खर्चात असे अनेक झाले असते. मी ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, “बिलात आयटम कुठंय, बाई? दाखवा, उद्या बांधतो.” तो खोटं बोलत नव्हता.

व्यवस्थापन शिकायला जावं असं मला त्या उत्तरानं वाटायला लावलं. टेंडरमध्ये कामाची एक लांबलचक यादी असते. खोदाई इतके घनमीटर, काँक्रीट इतकं, सळई इतके टन, प्लास्टर इतके चौरस मीटर. ज्या कामाची तिथे ओळ आहे, त्याचे पैसे मिळतात. ज्याची ओळ नाही, ते काम म्हणजे ठेकेदाराच्या खिशातून गेलेला पैसा. पाळणाघर, बायांचा संडास, प्यायचं पाणी, मजुरांची पक्की खोली यांच्यासाठी बहुतेक वेळा वेगळी ओळ नसते. कराराच्या मागच्या पानांवर ‘ठेकेदाराने सर्व कामगार कायद्यांचे पालन करावे’ असं एक वाक्य असतं आणि सगळा खर्च त्या वाक्यात बुडवलेला असतो. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळणार, म्हणजे ज्यानं संडासाचे पैसे धरले तो हरणार आणि ज्यानं धरले नाहीत तो जिंकणार. ही यादी तयार करणारा माणूस स्ट्रक्चर्सही जाणतो आणि पैसाही जाणतो. त्याला ‘दुष्ट’ म्हणून भागत नाही. त्याच्या जागी कोण बसणार आणि काय शिकून बसणार, एवढाच प्रश्न आहे.

कायदे नव्हते असंही नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं ५० हून जास्त बाया असलेल्या कामावर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीचं बंधन घातलं होतं. मी पाहिलेल्या मस्टरांवर बायांची नावंच नसत. नवरा-बायको जोडीनं कामाला, पैसे नवऱ्याच्या हातात, सही-अंगठा त्याचा. पन्नास बाया मोजायच्या तर त्या आधी कागदावर असायला नकोत का? तो कायदा, आणि समान वेतनाचा १९७६ चा कायदाही, आता नव्या कामगार संहितांत विरघळला आहे. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांच्याबद्दल आपल्या संघटना जे भांडताहेत ते भांडणं चालूच राहो. पण कायदा कुठलाही असो, मस्टर भरणाऱ्याचा हात तोच असला तर बाई कागदावर येत नाही. मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागी तंबूत पाळणाघर सुरू केलं ते १९६९ साली. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली. इतक्या वर्षांनंतरही साइटवरचं पाळणाघर म्हणजे कोणाचा तरी मोठेपणा, कोणाची तरी देणगी. सिमेंट कधी देणगीत येतं का?

आमच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मजूर हा ‘रिसोर्स’ होता. क्रेन, मिक्सर, मजूर, एका रांगेत. एका गवंड्यामागे किती बिगारी लागतात याचे तक्ते होते. गवंडी नेहमी पुरुष, बिगाऱ्यांतल्या निम्म्या बाया. बाई वीस-वीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली माल देते, तिला गवंडीकाम डोळ्यांनी पाठ असतं, तरी थापी तिच्या हातात येत नाही, हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं. मी ते एका तासाला विचारलं. सर चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, “हा सोशल इश्यू आहे, आपला विषय कॉस्टचा.” कुशल आणि अकुशल यांच्या मजुरीतला फरक हा कॉस्टचा विषय नाही तर कोणाचा?

आता आपल्यातलाच एक आक्षेप. मी तो बरेचदा ऐकला आहे, आणि तो खोटा नाही. वर केबिनमध्ये बाई बसली म्हणून खाली पाटी वाहणारीची मजुरी वाढते का? नाही वाढत. आपोआप तर मुळीच नाही. वरच्या जातीची, शहरातली, इंग्रजी बोलणारी बाई खुर्चीत बसून तेच टेंडर, त्याच घाईनं काढू शकते, आणि अशा बाया मी पाहिल्या आहेत. पण या आक्षेपाचा आपण जो निष्कर्ष काढतो तो मला मान्य नाही. ‘ते शिक्षणच आपलं नाही’ असं म्हणून आपण ते शिक्षण नेमकं त्यांच्याच हवाली करतो. आरोग्याच्या क्षेत्रात आपण असं केलं नाही. तिथे डॉक्टर बायांना चळवळीत ओढलं, शरीराची माहिती शिबिरांतून वाटली, औषध कंपन्यांशी भांडताना त्यांचेच आकडे त्यांच्यासमोर ठेवले. वकील बायांच्या बाबतीतही तेच. मग सिमेंट-सळईच्या बाबतीतच एवढं सोवळं का? मला वाटतं, इथे आपल्या मनातही तेच बसलेलं आहे जे आमच्या साहेबांच्या मनात होतं: घर बाईचं, पण घर बांधणं पुरुषाचं.

शकुंतला भगत हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं आहे? देशातल्या पहिल्या काही सिव्हिल इंजिनिअर बायांपैकी त्या एक. जन्म १९३३. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ साली पदवी, पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण, मग मुंबईच्या आयआयटीत शिकवणं. १९७० साली त्यांनी आणि त्यांचे पती अनिरुद्ध भगत यांनी ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी काढली. ठरावीक मापांचे पोलादी भाग कारखान्यात बनवायचे आणि ते जागेवर जोडून हव्या त्या लांबीचा, रुंदीचा पूल उभा करायचा, अशी ती पद्धत. सरकारी खाती नव्या पद्धतीला पैसा द्यायला तयार होईनात, तेव्हा या दोघांनी स्वतःचा पैसा घातला. पहिला पूल १९७२ साली हिमाचलमध्ये स्पितीत झाला. १९७८ पर्यंत देशात ६९ पूल झाले होते. पूल कसा उभा राहतो आणि तो कोण विकत घेतो, ही दोन्ही कामं त्या टेबलाच्या एकाच बाजूला बसून करत होत्या. हे आपोआप घडलं नाही हेही सांगते. त्यांचे वडील एस. बी. जोशी स्वतः नावाजलेले पूल-अभियंते होते. साइट, ठेकेदार, निविदा हे शब्द त्यांना घरातच मिळाले. ज्या मुलीचा बाप पूल बांधत नाही, रिक्षा चालवतो, तिला हे शब्द कुठे मिळणार? त्या २०१२ साली गेल्या. आपल्या दिनदर्शिकांत सावित्रीबाई आहेत, आनंदीबाई आहेत, रखमाबाई आहेत. भगतबाई मी अजून एकाही दिनदर्शिकेत पाहिलेल्या नाहीत.

तेव्हा मला हवं ते असं. स्ट्रक्चर्सच्या पदव्युत्तर वर्गात पैसा, करार आणि कामगार-कायदा परीक्षेच्या मार्कांसकट आला पाहिजे, आणि व्यवस्थापनाच्या वर्गात काँक्रीट. म्हणजे मुलीला दोन वेळा घर सोडावं लागणार नाही. प्रवेशाला साइटचा अनुभव विचारायचा असेल तर आधी प्रत्येक विद्यार्थिनीला साइट देण्याची जबाबदारी कॉलेजनं घ्यावी, आणि तिथे संडास आहे की नाही हे पाहून यावं. नुसतं ‘मुलींसाठी योग्य वातावरण नाही’ असं लिहून मोकळं होऊ नये. फी माफी या अभ्यासक्रमांना पुरी लागू व्हावी, संस्था खासगी असली तरीही. आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेतल्या बायांना त्या वर्गांत शिकवायला बोलवावं, मानधन देऊन. वीस वर्षं माल दिलेली बाई वर्गात उभी राहून गवंड्याचा दिवस कसा जातो ते सांगेल, तेव्हा उत्पादकतेचे तक्ते जरा हलतील. हे शेवटचं मी एका कॉलेजात सुचवलं तर म्हणाले, त्यांची शैक्षणिक पात्रता काय दाखवायची?

ज्या गटांचं काम बांधकामाच्या वस्त्यांवर आहे त्यांना मी एक काम सांगते. तुमच्या वस्तीजवळ साइट चालू असेल तर तिथल्या ऑफिसात दोघीतिघी मिळून जा. स्लॅब कोणत्या तारखेला भरला आणि टेकू कोणत्या तारखेला काढले याची नोंदवही दाखवा म्हणावं. मस्टर दाखवा म्हणावं, आणि त्यात बायांची नावं मोजा. बहुतेक जण दाखवणार नाहीत. न दाखवण्याचं जे कारण सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्या आणि संपादकांच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. मी ते मुलींना वर्गात वाचून दाखवणार आहे.